मुकुटबन

१. मुकुटबन : यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातले, तेलंगणाच्या सीमेजवळचे गाव. वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर येथे स्थानक आहे. भोवती कपाशीची शेते, जमिनीखाली कोळसा आणि चुनखडी. खाणी व सिमेंटचा कारखाना आल्याने आता वर्दळ वाढली आहे. तालुक्यात कोलामांचे ‘पोड’, म्हणजे वस्त्या, आहेत. कोलामी ही द्राविड कुळातली भाषा. कातकरी व माडिया गोंडांप्रमाणे कोलामांचीही गणना विशेष असुरक्षित आदिवासी गटांत होते. पोडावर जाणाऱ्याने आधी तिथल्या जाणत्यांना भेटावे आणि विचारल्यावाचून कुणाचे छायाचित्र काढू नये. परक्या गावी पाहुण्याचे पहिले कर्तव्य तेच. — संपा.