कोड ब्राउझर : नामकरण व प्रसिद्धी

सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांचा मूळ मजकूर, उतरवून न घेता संकेतस्थळावरच वाचता यावा आणि त्यातील एखाद्या नावावर क्लिक करताच ते कोठे ठरवले व कोठे वापरले आहे हे दिसावे, यासाठी रचलेले साधन. यातील मुक्त स्रोत साधनांची, म्हणजे ज्यांचा स्वतःचा कोडही कोणालाही वाचता, बदलता व वाटता येतो अशांची नावे प्रोग्रामरांनी आपल्या वर्तुळापुरती ठेवल्याने पुढे अपुरी किंवा गूढ ठरली.

फ्रीबीएसडी या संचालन प्रणालीच्या प्रकल्पातील बिल फेनर यांच्या सीव्हीएसवेब या साधनावरून स्फूर्ती घेऊन ग्रेग स्टाइन यांनी पायथन भाषेत व्ह्यूसीव्हीएस लिहिले. सीव्हीएस ही कोडमधील बदलांची नोंद ठेवणारी तेव्हाची प्रचलित व्यवस्था होती, पण साधन सबव्हर्जन या नव्या व्यवस्थेतील कोडही दाखवू लागल्यावर जुने नाव दिशाभूल करू लागले आणि 2006 मधील 1.0 आवृत्ती व्ह्यूव्हीसी या नावाने निघाली. ओस्लो विद्यापीठात 1990 च्या दशकात घडलेल्या एलएक्सआर या साधनाच्या नावात लिनक्स ही संचालन प्रणाली होती, तरी ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलानेही ते साधन वापरले व पुढे आपल्या आवृत्तीला एमएक्सआर म्हटले. फ्री इलेक्ट्रॉन्स या फ्रेंच कंपनीने एलएक्सआर याच अक्षरांचा उच्चार राखून एलिक्सर हे साधन रचले. मात्र त्या नावाची प्रोग्रामिंग भाषा आधीच असल्याने शोधणाऱ्याचा गोंधळ होतो. खुद्द त्या कंपनीलाही फ्री या दूरसंचार कंपनीशी नाममुद्रेचा वाद झाल्यावर 2018 मध्ये बूटलिन व्हावे लागले. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतून आलेल्या ओपनग्रोक या साधनाच्या नावातील ‘ग्रोक’ हे रॉबर्ट हाइनलाइन यांच्या 1961 च्या कादंबरीतील, खोलवर समजून घेणे या अर्थाचे क्रियापद प्रोग्रामरांना परिचित, इतरांना मात्र निरर्थक आहे.

तरीही ही साधने पसरली, कारण त्यांची खरी जाहिरात नावाने नव्हे, तर लोकांना हव्या असलेल्या कोडवर ती सर्वांसाठी चालू ठेवल्याने झाली : एलएक्सआर व एलिक्सर यांनी लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, वाचण्यासाठी खुला केला, तर ओपनग्रोकने ओपनसोलारिस या संचालन प्रणालीचा कोड. कर्नेलच्या अलीकडच्या आवृत्तीची दाबून लहान केलेली फाइलही शंभर मेगाबाइटांहून मोठी असते. गोंदिया जिल्ह्यातील गोरेगावसारख्या तालुक्याच्या गावी मोबाइलच्या जोडणीवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ती न उतरवता हवे तेवढेच पान उघडता येते, ही सोय कोणत्याही घोषवाक्यापेक्षा मोलाची आहे. बूटलिनच्या संकेतस्थळावर कर्नेलच्या जुन्या-नव्या आवृत्त्या खाते न उघडता वाचता येतात.