निवडणुकीतील आचारसंहिता : कायदा आणि शील

निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर होताच 'आचारसंहिता लागू झाली' हे शब्द सर्वांच्या तोंडी येतात. तथापि ही आदर्श आचारसंहिता संसदेने संमत केलेला कायदा नव्हे. राजकीय पक्षांनी परस्पर संमतीने स्वीकारलेले ते बंधन आहे. ते कसे निर्माण झाले आणि त्याचे बळ कशात आहे, याचा विचार आपण केला पाहिजे. कारण ज्यांच्या हाती सत्ता नाही आणि संपत्तीही नाही, त्यांच्याजवळ मत हेच एक साधन असते.

१५ जून १९४९ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत निवडणूक आयोगासंबंधीचे सुधारित कलम मांडले. तेच पुढे राज्यघटनेचे कलम ३२४ झाले. काही प्रांतांतील सरकारे वंशाने, भाषेने वा संस्कृतीने वेगळ्या असलेल्या लोकांना मतदार यादीतून वगळण्याचा प्रयत्न करीत आहेत, असे निदर्शनास आल्यामुळे संपूर्ण देशासाठी एकच स्वतंत्र आयोग असावा, असे त्यांनी प्रतिपादन केले. सत्ताधाऱ्यांच्या हाती निवडणूक सोपविली तर दुर्बलांचे मत सुरक्षित राहत नाही, ही त्यामागील भूमिका होती.

त्याच वर्षी २५ नोव्हेंबरच्या भाषणात, संसदीय कार्यपद्धती भारताला अपरिचित नव्हती, भिक्खू संघात ती प्रचलित होती, हेही बाबासाहेबांनी सांगितले. विनयपिटकातील चुल्लवग्गात याचा तपशील आढळतो. वाद अन्य मार्गाने मिटला नाही तर 'येभुय्यसिका' म्हणजे बहुमताने निर्णय होई व त्यासाठी शलाका वाटल्या जात. शलाका वाटणाऱ्या भिक्खूची निवड संघ करी. तो छन्द, दोस, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा, तसेच कोणी शलाका घेतली व कोणी घेतली नाही हे जाणणारा असला पाहिजे, अशी अट होती. निवडणूक अधिकाऱ्याच्या निःपक्षपातीपणाची याहून नेमकी व्याख्या करणे कठीण आहे. मात्र एक भेदही लक्षात ठेवला पाहिजे. अधर्मवादी बहुसंख्य ठरले तर ते मतदान रद्द मानण्याची मुभा विनयात आहे. आधुनिक राज्यात कोणत्याही अधिकाऱ्याला असा अधिकार देता येत नाही. म्हणून नीतीची जबाबदारी मोजणाऱ्यापेक्षा मत मागणाऱ्यावर व मत देणाऱ्यावर अधिक येते.

आरंभीच्या काळात द्विसदस्य मतदारसंघ होते व मतदाराला दोन मते असत. एक मत आपल्या उमेदवाराला देऊन दुसरे वाया घालविणे, याला 'मते कुजविणे' म्हणत. १९५२ साली उत्तर मुंबईत बाबासाहेबांचा पराभव झाला, तेव्हा मते कुजविण्याचा प्रचार झाल्याची तक्रार त्यांनी व अशोक मेहता यांनी निवडणूक अर्जाद्वारे केली. ती फेटाळण्यात आली. पुढे १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत हाच उपाय आपण योजावा, असे काही कार्यकर्त्यांना वाटले. बाबासाहेबांनी त्याला नकार दिला आणि दोन्ही मते वापरण्यास सांगितले. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर बाबासाहेब पराभूत झाले. कायद्याने त्यांना अडविले नव्हते.

लिखित आचारसंहितेचा आरंभ केरळात झाला. १९५९ साली तेथील नंबुद्रीपाद सरकार बडतर्फ झाले व वातावरण अत्यंत तापले. त्या पार्श्वभूमीवर १९६० च्या विधानसभा निवडणुकीत सभा, मिरवणुका, भाषणे, घोषणा व भित्तिपत्रके यांविषयीचे नियम पक्षांच्या संमतीने ठरले. १९६२ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी आयोगाने ते सर्व मान्यताप्राप्त पक्षांकडे पाठविले. १९७९ साली महत्त्वाची भर पडली : सत्ताधारी पक्षासाठी स्वतंत्र विभाग जोडण्यात आला. सरकारी वाहने, विश्रामगृहे, जाहिराती व नव्या योजनांच्या घोषणा यांचा पक्षासाठी वापर करण्यावर त्याने निर्बंध घातला. १९९० च्या डिसेंबरात मुख्य निवडणूक आयुक्त झालेल्या टी. एन. शेषन यांनी संहितेची कठोर अंमलबजावणी केली. १९९४ साली, संहितेचा भंग करणाऱ्या पक्षाची मान्यता निलंबित करण्याचा वा काढून घेण्याचा अधिकार चिन्हविषयक आदेशात समाविष्ट झाला. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर जाहीरनाम्यांविषयीचे नियमही आले.

लाच देणे, धाकदपटशा करणे, धर्म वा जातीच्या नावाने मत मागणे हे मात्र १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार भ्रष्ट आचरण ठरते व त्यामुळे निवडणूक रद्द होऊ शकते. परंतु न्यायाला विलंब लागतो. मुंबईतील विलेपार्ले येथील १९८७ ची पोटनिवडणूक धर्माच्या नावाने झालेल्या प्रचारामुळे उच्च न्यायालयाने १९८९ साली रद्द ठरविली. सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब ११ डिसेंबर १९९५ रोजी झाले. तोवर त्या विधानसभेची मुदत संपून नवी विधानसभा आली होती. आचारसंहितेला कायद्याचे रूप द्यावे, अशी शिफारस २०१३ साली संसदीय समितीने केली, तेव्हा आयोगाची हरकत याच कारणास्तव होती. काही आठवड्यांच्या निवडणुकीत न्यायालयीन प्रक्रियेपेक्षा तत्काळ ताकीद व प्रचारबंदी अधिक उपयोगी पडते, असे आयोगाचे म्हणणे आहे.

या इतिहासावरून असे दिसते की कायदा उशिरा पोहोचतो आणि संमतीचे बंधन पाळणाऱ्याच्या शीलाइतकेच बळकट असते. पैसे घेऊन दिलेले मत किंवा पोटजातीच्या नावाने मागितलेले मत हे १९४९ साली आयोगाच्या रूपाने उभारलेल्या संरक्षणाला आतूनच पोखरते. म्हणून इतर पक्षांकडून आचारसंहितेची अपेक्षा करताना, बाबासाहेबांचे नाव घेऊन मत मागणाऱ्या उमेदवारालाही आपण तोच निकष प्रथम लावला पाहिजे. भंडाऱ्यात त्यांनी तो स्वतःला लावला होता.