सिंधू गडकऱ्यांची की गंधर्वांची?

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. त्यानंतर महिना उलटायच्या आत, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला 'एकच प्याला' रंगभूमीवर आणले. पात्रयोजनेवर नाटककाराला काही म्हणायचे असते तर ते म्हणायला तो उरला नव्हता. नाटकातली पदेही त्याची नाहीत; ती विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली.

संहिता हातात घेऊन वाचली की नाटक सुधाकराचे आहे याविषयी शंका राहत नाही. हुशार वकील, कोर्टातला अपमान, निलंबित झालेली सनद, तळीरामाने पुढे केलेला पहिला पेला आणि मग घसरण. नावसुद्धा त्याच्याच पेल्याचे. पण सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व उभे राहिले आणि तराजू कलला. तेव्हा ते तिशीत होते, लोकप्रियतेच्या शिखरावर होते. ज्यांची भरजरी भामिनी १९११ पासून लोकांच्या डोळ्यांत भरली होती, ते नारायणराव आता दळण दळणाऱ्या दरिद्री बाईच्या वेषात आले. प्रेक्षक हेलावला, त्यात नवल नाही. मात्र ते गाणारे होते, हे विसरून चालणार नाही. सिंधूच्या हालांना सूर मिळाला आणि सुराला वन्समोअर मिळाला. ज्या दुःखाला वन्समोअर पडतो, ते थांबावे असे प्रेक्षकाला कशाला वाटेल?

समोर सुधाकर होते गणपतराव बोडस. हेच बोडस 'मानापमाना'त लक्ष्मीधर आणि 'संशयकल्लोळा'त फाल्गुनराव म्हणून लोकांना पोट धरून हसवत आले होते. हसवणाऱ्या नटाने सुधाकर करावा, ही योजना मला फार मोलाची वाटते. प्रेक्षकांच्या ओळखीचा, घरातला माणूस डोळ्यांदेखत बिघडताना दिसतो. जन्मजात खलनायकी चेहऱ्याचा नट असता तर पहिल्या पेल्यापूर्वीच निकाल लागला असता.

पुढे सिंधू हे पातिव्रत्याचे दुसरे नाव झाले. टीकाकारांनी त्याबद्दल गडकऱ्यांना धारेवर धरले. नटाच्या गळ्याचा वाटा हिशेबात फारसा धरला नाही. शेवटी नवऱ्याच्या हातून मरणारी ही बाई फौजदारापुढे त्याच्यासाठी खोटे बोलते. गंधर्वांच्या परंपरेत ते खोटे पुण्याचे ठरते. पदे वगळून तोच प्रवेश एखाद्या अभिनेत्रीने कोरड्या आवाजात केला तर? संहितेतला शब्दही न बदलता अंगावर काटा येईल.

आमच्या कर्नाळ्याच्या परिसरात गावजत्रेतल्या नाटकांच्या गोष्टी जुनी माणसे सांगत. स्त्रीपार्टी मुलाच्या हनुवटीवर खुंट दिसू लागले की करुण प्रवेशालाही हशा पिकायचा. विद्वानांनी हसून सोडू नये असा हा पुरावा आहे: पात्राचा अर्थ संहितेत अर्धाच असतो. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक उभ्या राहिल्या, तेव्हा स्त्रीचे दुःख स्त्रीच्याच अंगाने बोलू लागले. तरी सिंधू मात्र पुढेही बराच काळ गंधर्वांच्याच चालीने चालत राहिली.

उलट बाजूचे उदाहरण 'नटसम्राट'चे. 'किंग लिअर' मराठीत आणावे, असा आग्रह शिरवाडकरांना नानासाहेब फाटकांनी धरला होता. फाटक म्हणजे 'राजमुकुट'मध्ये दुर्गा खोट्यांसमोर उभा राहिलेला, भारदस्त वाणीचा नट. त्यांनी बेलवलकर केला असता तर ते एका संपलेल्या रंगभूमीचे आत्मचरित्र झाले असते. २३ डिसेंबर १९७० रोजी तो केला श्रीराम लागूंनी. वय ४३, पेशाने डॉक्टर, जुन्या आविष्कारशैलीच्या बाहेरून आलेले. त्यांच्या बेलवलकरात गतवैभवापेक्षा पोटच्या पोरांनी केलेला अपमान मोठा झाला. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी ही भूमिका केली आणि प्रत्येक वेळी म्हातारा बदलला. अजूनही दोन जुने प्रेक्षक भेटले की खरा बेलवलकर कोणाचा यावर हमरीतुमरी होते. सिंधूबद्दल असे भांडण मी कधी ऐकलेले नाही.