सोपवलेली सुरई : चहाविधीतील चित्रित पोर्सेलिन

जपानी चहाविधीचे संपूर्ण रूप, ज्याला ‘चाजी’ म्हणतात, सुमारे चार तास चालते आणि त्यात दाट चहा घोटण्यापूर्वी ‘काइसेकी’ नावाचे बेताचे भोजन असते. निळ्या किंवा तांबड्या-हिरव्या नक्षीच्या पोर्सेलिन सुरया, अर्थात ‘तोक्कुरी’, या भोजनातल्या आहेत. हे ध्यानात घेतल्याशिवाय साधेपणाचे व्रत घेतलेल्या चहागृहात एवढा रंग कसा शिरला, याचा उलगडा होत नाही.

भोजनाच्या आरंभी यजमान साके, म्हणजे तांदूळ आंबवून केलेले मद्य, लोखंडी झारीतून स्वतः वाढतो आणि पाहुणे ते तांबड्या लाखेच्या उथळ पेल्यांतून घेतात. पुढे मात्र तो भरलेली तोक्कुरी व निरनिराळ्या घडणीचे लहान पेले पाहुण्यांच्या स्वाधीन करून आतल्या तयारीच्या खोलीत जातो. म्हणून अशा सुरईला ‘आझुके-तोक्कुरी’, सोपवलेली सुरई, म्हणतात. यजमान दृष्टीआड असताना पाहुणे एकमेकांना साके ओततात, आपापल्या पसंतीचा पेला उचलतात, सुरई हातात घेऊन न्याहाळतात. शिस्त किंचित सैलावणाऱ्या या अवकाशातच अलंकरणाला खरी जागा मिळाली.

विरक्त सौंदर्यदृष्टीचा थोर आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याच्या हयातीत जपानमध्ये पोर्सेलिन घडतच नव्हते. बिझेनसारख्या भट्ट्यांतील खरबरीत, अनलंकृत सुरयांवर चहारसिकांची प्रीती होती, आणि ती पुढेही ओसरली नाही. जपानचा तत्कालीन सत्ताधीश हिदेयोशी याच्या कोरियावरील स्वाऱ्यांत (१५९२–१५९८) तिथले कुंभार क्यूशू बेटावर आणले गेले, आणि त्यांच्यातील री सानपेई याला १६१६ मध्ये आरिता येथे पोर्सेलिनचा दगड सापडला, असे परंपरा सांगते. सुरुवातीला झिलईखाली कोबाल्टची निळी चित्रे काढली जात. १६४० च्या दशकात भाजलेल्या झिलईवर रंग चढवून भांडे कमी आचेवर पुन्हा भाजण्याची रीत रुजली. हा माल इमारी बंदरातून बाहेर जाई, म्हणून त्याला त्या बंदराचेच नाव पडले.

याच सुमारास चहारसिकांची मागणी चीनमधील जिंगदेझेनपर्यंत पोचली होती. तिथे घडलेल्या जुन्या निळ्या भांड्यांच्या काठांवरची झिलई जागोजाग उडून आतली माती उघडी पडे. व्यापारी ज्याला खोट मानतील त्याला जपानी रसिकांनी ‘मुशिकुई’, किड्याने कुरतडलेले, असे नाव देऊन गुण मानले, आणि रिक्यूच्या वारशातील ही नजर पोर्सेलिनलाही लागू झाली, ही या इतिहासातील सर्वांत लक्षणीय गोष्ट होय. त्यानंतरची ‘शोन्झुई’ भांडी जांभळट निळ्या रंगातील भूमितीय नक्षीने पृष्ठभाग जवळजवळ पूर्ण व्यापून टाकतात. त्यांतील सुरया आझुके-तोक्कुरी म्हणून विशेष जपल्या गेल्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ओकुदा एइसेनने क्योतोमध्ये पोर्सेलिन घडवण्यास आरंभ केला, आणि एकोणिसाव्या शतकात एइराकू होझेनने शोन्झुईचे नमुने क्योतोच्या भट्टीत नव्याने उतरवले.