मुलगी एक, बाप इभराम

गोदावरीकाठच्या सायखेड्यात, पलीकडच्या चांदोरीत किंवा निफाड तालुक्यातल्या कुठल्याही गावात जुन्या माणसाला जन्मतारीख विचारून बघा. 'महापुराच्या आदल्या साली' असे काहीतरी ऐकायला मिळेल. महापूर म्हणजे 1969 चा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी 1 जून लिहिले, तीच तारीख आयुष्यभर चालली. यात हिंदू-मुसलमान असा भेद नव्हता. आज मात्र 'आजोबांचा जन्मदाखला आणा' हे वाक्य आपल्या लोकांच्या छातीत जरा जास्तच धडधड उठवते. म्हणून नोंदवही मुळात कोणी आणि कशासाठी सुरू केली, ते बघितले पाहिजे.

इंग्रजांना काळजी होती ती गोऱ्या सैनिकांची. 1857 नंतर फौज वाढली आणि लढाईपेक्षा पटकी व तापाने जास्त शिपाई मरू लागले. 1859 साली नेमलेल्या आयोगाने 1863 मध्ये अहवाल दिला, आणि 1864 मध्ये बंगाल, मद्रास व मुंबई इलाख्यांत आरोग्य आयोग आले. छावणीभोवतालची रयत कशाने मरते हे कळल्याशिवाय छावणी वाचणार नव्हती. मग गावोगावच्या पाटील-कुलकर्ण्यांकडून मृत्यूंचे आकडे मागवले जाऊ लागले. देवीची लस टोचायला तान्ही मुले शोधायची तर जन्माचीही यादी हवी. मुंबई इलाख्यातल्या जिल्ह्यांसाठी लसीकरणाचा कायदा 1892 मध्ये झाला. थोडक्यात, सरकारला आकडा हवा होता. माणूस कोण, याच्याशी त्याला फारसे देणेघेणे नव्हते.

ज्याला खरोखर 'कायदा' म्हणावे तो 1886 चा, जन्म, मृत्यू आणि विवाह नोंदणीचा. तो होता ऐच्छिक, आणि मुख्यतः 1865 चा वारसा कायदा ज्यांना लागू होता त्यांच्यासाठी, म्हणजे युरोपीय, ख्रिस्ती, पारशी वगैरे. हिंदू आणि मुसलमान त्या वारसा कायद्याबाहेर, म्हणून या नोंदणीच्याही बाहेरच. प्रांतिक सरकारला हवे तर अधिसूचना काढून इतरांना आत घेता येत होते, एवढेच. ज्याच्या मृत्यूनंतर इस्टेटीचा प्रश्न इंग्रजी कोर्टात जाणार, त्याच्या हाती दाखला, बाकीच्यांची मोजदाद.

आपल्याकडे दुसरी वही असू शकली असती, ती काझींची. पण 1864 च्या कायद्याने सरकारने काझी नेमणे बंद केले. तक्रारी झाल्या, तेव्हा 1880 चा काझी कायदा आला. नेमणूक पुन्हा होऊ लागली, पण काझीला न्यायाचे वा कारभाराचे कोणतेही अधिकार मिळणार नाहीत आणि निकाहाला त्याची हजेरी आवश्यक नाही, हे कायद्यातच लिहिलेले. चर्चमध्ये बाप्तिस्म्याची वही असते. आपल्याकडे बाळाच्या कानात अजान होते. ती कागदावर उतरत नाही.

राहिली गावची वही, जी पुढे 'गाव नमुना 14' म्हणून ओळखली गेली. विदर्भात तिला कोतवाल बुक म्हणतात. जुन्या वह्या मोडीत आहेत. बाळाचे नाव बहुतेक वेळा नाहीच, कारण वर्दी द्यायच्या वेळी नाव ठेवलेलेच नसायचे. 'मुलगी एक', बापाचे नाव, गाव, संपले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, त्यात लिहिणारा कानाला ऐकू येईल ते लिहिणार. इब्राहिमचा इभराम होतो आणि सय्यदचा सैद. जातीच्या रकान्यात कित्येकदा नुसते 'मुसलमान'. हा शब्द आज पिंजारी, तांबोळी, बागवान कुटुंबांना फार महाग पडतो. ओबीसी दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, आणि पुराव्यात जातच नाही.

प्लेगने तर लोकांना नोंदीची भीतीच घातली. 1897 च्या साथरोग कायद्याने पथके घरात शिरू लागली. मृत्यू कळवायचा म्हणजे घरातल्यांची तपासणी, विलगीकरण, सामानाची जाळपोळ. 9 मार्च 1898 रोजी मुंबईत एका जुलाहा घरातल्या आजारी मुलीला न्यायला पथक आले आणि दंगल पेटली. उत्तरेतून आलेले हेच विणकर मालेगावातही वसले होते. मरण लपवणे हा अडाणीपणा होता असे लिहिणाऱ्यांनी पडद्यातल्या बाईची तपासणी कोण करत होते, तेही लिहावे.

सर्वांना सक्तीची आणि देशभर एकसारखी नोंदणी आली ती स्वातंत्र्यानंतर, 1969 च्या कायद्याने. महाराष्ट्रात ती 1 एप्रिल 1970 पासून लागू झाली. म्हणजे त्याआधी जन्मलेल्याचा दाखला नसणे हा ना गुन्हा आहे, ना नवल. उशिरा नोंद करायला त्या कायद्यातच वाट ठेवलेली आहे. एक वर्ष उलटले की पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. 2023 च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हाधिकारी, प्रांत यांसारख्या महसुली अधिकाऱ्यांकडे गेला. त्याच दुरुस्तीने 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांसाठी शाळेपासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखला हाच पुरावा केला. मग मालेगावात अर्जांची रीघ लागली, आणि जानेवारी 2025 मध्ये त्याच उशिराच्या नोंदी तपासायला विशेष पथक नेमले गेले. खोटे दाखले असतील तर ते रद्द व्हावेत. पण रांगेत उभी असलेली म्हातारी घुसखोर आहे म्हणून उभी नाही. तिच्या जन्माच्या वेळी नोंद सक्तीची नव्हती, म्हणून उभी आहे.

2023 साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती बसली, तेव्हा हीच दप्तरे उघडली आणि मोडी वाचणारे शोधावे लागले. तेव्हा तुम्हीही तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. आजीचे नाव शोधत बसू नका, ते तिथे नसेल. पणजोबांच्या नावाने बघा, आणि इब्राहिम सापडला नाही तर इभरामही बघा.