शंभरीतल्या ओकची डिट्टो कॉपी

जास्वंदीची फांदी तोडून कुंडीत खोचली की काही आठवड्यांत मुळं धरते. ओकचं कोवळं रोपटंही बऱ्यापैकी ऐकतं. पण ओक मोठा झाला की हट्टी होतो. आणि गोची अशी, की झाड सरळ वाढेल का, रोगाला टिकेल का, हे कळायला कित्येक दशकं जातात. म्हणजे कॉपी काढावीशी वाटते तेव्हा कॉपीची सोय बंद!

बी लावावं तर परागकण वाऱ्यावरून आलेले, बाप कोण पत्ता नाही. शिवाय ओकचं बी सुकलं की मरतं, त्यामुळे वर्षानुवर्षं साठवताही येत नाही.

पेशीपासून अख्खं झाड उभं करता यावं, ही कल्पना १९०२ साली हाबरलांटने मांडली. त्याच्या पेशी काही विभागल्या नाहीत. पुढे १९५८ मध्ये स्टीवर्डने गाजराच्या पेशींपासून रोपं मिळवली. १९६२ मध्ये मुराशिगे आणि स्कूगने तंबाखूसाठी बनवलेलं पोषक मिश्रण आज जगभर वापरतात. गाजर, तंबाखू ठीक हो, पण म्हातारं झाड? तिथे काचेच्या नळीत आधी बुरशीच उगवते, नाहीतर टॅनिनने सगळं काळं पडतं.

इथे आपल्या पुण्याचाही नंबर लागतो बरं का. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने १९८० मध्येच शंभर वर्षांच्या सागापासून टिश्यू कल्चरने कोंब मिळवल्याचं प्रसिद्ध केलं होतं.

ओकवर चिकाटीने काम झालं ते स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलाला, १९८० च्या दशकापासून. त्यांची युक्ती मला फार आवडली. म्हाताऱ्या झाडाच्या जाड फांद्यांचे तुकडे कापून दमट, उबदार जागी ठेवायचे. सालीखाली वर्षानुवर्षं झोपलेले डोळे फुटतात. ते ताजे कोंब निर्जंतुक करून नळीत घालायचे, सायटोकायनिन देऊन वाढवायचे आणि शेवटी ऑक्सिन देऊन मुळं फोडायची. अशा रीतीने शंभरी ओलांडलेल्या ओकचीही रोपं मिळाली.

गंमत म्हणजे बुंध्याजवळचा भाग वयाने सगळ्यात जुना, पण स्वभावाने सगळ्यात तरुण. तिथले कोंब मुळं धरतात. त्याच झाडाच्या शेंड्याकडचे, म्हणजे परवा-परवा आलेले, मात्र बरेचदा नाक मुरडतात. आणि काही झाडं तर कुठलाच कोंब घ्या, अजूनही दाद देत नाहीत.