परतीचं तिकीट नसलेला प्रवास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वी मुलाकडे अमेरिकेला गेलो होतो. परत येताना विमानतळावर एक गमतीचं दृश्य दिसलं. सोळा-सतरा वर्षांची पंचवीसएक मुलं-मुली, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट, पाठीवर पिशव्या, आणि चेहऱ्यावर सहलीला निघालेल्या मुलांचा असतो तसा आनंद. शेजारी बसलेल्या मुलीला विचारलं, ‘‘कुठे निघालात?’’ ती म्हणाली, ‘‘मिशन ट्रिपला. दहा दिवस. मेक्सिकोत एक शाळा बांधायचीय.’’ दहा दिवसांत शाळा कशी बांधून होते, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिचा उत्साह पाहून गप्प बसलो.

विमानात बसल्यावर मात्र डोक्यात दुसराच विचार सुरू झाला. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. अमेरिकेतून परदेशी निघालेल्या अशा पहिल्या तुकडीची हकिकत मला ठाऊक होती, आणि ती तुकडी शेवटी येऊन पोहोचली होती आपल्या मुंबईत! त्यांच्याकडे परतीचं तिकीट नव्हतं.

तर ऐका ती हकिकत. १८०६ सालची गोष्ट. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या विल्यम्स कॉलेजचे चार-पाच विद्यार्थी वादळी पावसात सापडले आणि गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले. तिथे प्रार्थना करता करता त्यांनी ठरवलं, की आशियात जाऊन ख्रिस्ताचा संदेश सांगायचा. कॉलेजातले बेत नोकरी लागली की विरतात, हा आपला सगळ्यांचा अनुभव. हा बेत विरला नाही. १८१० साली ‘अमेरिकन बोर्ड’ नावाची संस्था निघाली आणि फेब्रुवारी १८१२ मध्ये दोन जहाजं हिंदुस्थानकडे निघाली. सेलम बंदरातून निघालेल्या ‘कॅरव्हान’वर अदोनिराम जडसन आणि सॅम्युएल न्यूएल, दोघंही आपापल्या नव्या नवऱ्या मुलींसह. फिलाडेल्फियाहून निघालेल्या ‘हार्मनी’वर गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट व त्याची पत्नी, आणि ल्यूथर राइस. हॉल त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचाही नव्हता.

चार महिने समुद्रावर काढून ‘कॅरव्हान’ १७ जूनला कलकत्त्याला लागलं. दुसऱ्याच दिवशी, म्हणजे १८ जून १८१२ ला, अमेरिकेनं इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारलं! ती बातमी इकडे यायला वेळ लागला. पण कंपनी सरकारला हे पाहुणे नकोसे व्हायला युद्धाची गरज नव्हती. कंपनीला व्यापार करायचा होता. १८०६ मधलं वेल्लोरचं शिपायांचं बंड अजून ताजं होतं, आणि धर्मात हात घातला की पलटणी बिघडतात, असं कंपनीतल्या पुष्कळांचं मत झालं होतं. विल्यम केरीसारख्या खुद्द इंग्रज मिशनऱ्यालाही कंपनीच्या हद्दीबाहेर, डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपुरात बस्तान बसवावं लागलं होतं. मग या अमेरिकनांना कोण विचारतो? आल्या जहाजानं परत जा, असा हुकूम निघाला.

तुकडी फुटली. जडसन आणि राइस यांचं बाप्तिस्म्याविषयीचं मतच बदललं, ते वेगळ्या पंथात गेले. जडसन पुढे ब्रह्मदेशात पोहोचला. न्यूएल आणि त्याची पत्नी हॅरिएट मॉरिशसकडे निघाले. हॅरिएट गरोदर होती. वाटेत समुद्रावरच मुलगी झाली आणि पाच दिवसांत गेली. ३० नोव्हेंबर १८१२ ला मॉरिशसमध्ये हॅरिएटही क्षयानं गेली. वय एकोणीस. एका माणसालाही धर्म सांगायची संधी तिला मिळाली नाही. पण तिची पत्रं आणि रोजनिशी १८१४ साली बोस्टनमध्ये छापली गेली आणि अमेरिकेत घरोघर वाचली गेली. तिचं वाचून कितीतरी मुली मिशनकडे वळल्या. हे मला थोडं अस्वस्थही करतं. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या मरणाचं पुस्तक वाचून आणखी मुलींनी त्याच वाटेनं निघावं, यात श्रद्धा किती आणि मरणाचं आकर्षण किती?

हॉल आणि नॉट मात्र चिवट. इंग्लंडला रवानगीचा हुकूम निघालेला असताना ते मुंबईच्या जहाजावर चढले आणि ११ फेब्रुवारी १८१३ ला इथे उतरले. गव्हर्नर होते सर इव्हान नेपिअन. हा माणूस मनानं धर्मप्रसाराच्या बाजूचा. पण कलकत्त्याहून आलेल्या हुकमापुढे त्याचाही इलाज चालेना. दोघांना विलायतेच्या जहाजात बसवायचं ठरलं, तेव्हा या पाद्र्यांनी सरळ पळ काढला! नॉटची बायको मुंबईतच राहिली आणि हे दोघं गुपचूप एका जहाजातून कोचीनला गेले. तिथे सापडले, परत आणले गेले. नेपिअनसाहेब अर्थातच संतापले. हॉलनं त्यांना लिहिलेल्या पत्रांत विनवणी आहे, तशीच धारही आहे. आमचा देव आम्हाला जा म्हणतो आणि तुमचं सरकार जाऊ नका म्हणतं, तेव्हा आम्ही कोणाचं ऐकायचं, असा त्याचा एकूण रोख. अखेर वर्षाच्या शेवटी त्यांना राहू देण्यात आलं. त्याच वर्षी पार्लमेंटनं कंपनीच्या सनदेत बदल करून मिशनऱ्यांना दार किलकिलं केलं होतं.

पुढची कथा बरीचशी अपयशाची आहे. नॉट आजारी पडून १८१५ मध्ये मायदेशी परतला. सिलोनमार्गे आलेला न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत पटकीनं गेला. हॉल मराठी शिकला, आणि चांगली शिकला. रस्त्यावर, देवळापाशी, तळ्याकाठी, माणसं जमतील तिथे उभा राहून बोलायचा. लोक ऐकायचे, वाद घालायचे, हसायचे आणि घरी जायचे. पहिल्या दहा-बारा वर्षांत बाप्तिस्मा घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. आणि हे होत असताना, १८१८ साली, हॉल आणि न्यूएल यांनी अमेरिकेतल्या लोकांसाठी एक पुस्तिका लिहिली. जगातल्या साठ कोटी लोकांचा हिशेब तिच्यात मांडलाय. वीस हजार माणसांमागे एक मिशनरी, म्हणजे तीस हजार मिशनरी हवेत! मला त्या आकडेमोडीचं हसू येतं आणि हसताना अवघडल्यासारखंही होतं. साठ कोटींचा हिशेब करणाऱ्या या माणसाला भुलेश्वरातली साठ माणसं वळवता आली नव्हती.

पण या अपयशाच्या कडेनं काही वेगळंच उगवत होतं. १८१६ साली छपाईचं काम शिकलेला बार्डवेल नावाचा मिशनरी मुंबईत आला. कलकत्त्याहून टाइप आणले आणि १८१७ मध्ये मराठी छपाई सुरू झाली. पहिलं काम म्हणजे आठ पानी धार्मिक पुस्तिका. आपल्या देवदेवतांविषयी अशा पुस्तिकांमध्ये जे लिहिलं जायचं ते आज वाचताना कडवट वाटतं, आणि ते कडवट होतंच. त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. मात्र छापखान्याला धर्म नसतो. याच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करता करता गणपत कृष्णाजी ही कला शिकले, स्वतःचा छापखाना उभा केला आणि १८३१ मध्ये छापलं काय, तर पंचांग! सोवळ्यातल्या लोकांना चरबीची शाई चालायची नाही, म्हणून त्यांनी तुपाची शाई केली, असं सांगतात. पुढे याच छापखान्यात लहानपणी टाइप घासायला राहिलेला जावजी दादाजी नावाचा मुलगा ‘निर्णयसागर’चा मालक झाला, आणि त्याच्या सुबक देवनागरी अक्षरांत संस्कृत ग्रंथ देशभर गेले. मिशनऱ्यांनी बायबलसाठी आणलेली विद्या वेद-पुराणांच्या कामी आली. हॉलला हे कळतं तर त्यानं कपाळाला हात लावला असता, की मनातल्या मनात हसला असता?

शाळांचंही तसंच. मुलं यायची ती अक्षरांसाठी, शिकवायला पंतोजी ब्राह्मण. १८२४ साली मिशननं मुंबईत मुलींची शाळा काढली. हे काम सांभाळायला १८२७ च्या अखेरीस सिंथिया फरार नावाची बाई आली. ती अविवाहित होती. कोणाची बायको म्हणून ती आली नव्हती. शिक्षिका म्हणून आली होती. पुढे ती अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. तिच्या नगरच्या मुलींच्या शाळा पाहून आपल्याला पुण्यात शाळा काढायची प्रेरणा मिळाली, हे खुद्द जोतीराव फुल्यांनी सांगून ठेवलंय. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांना हवं होतं तेवढं त्यांनी घेतलं आणि पुढे निघाले.

हॉलला यातलं फारसं काही पाहायला मिळालं नाही. मार्च १८२६ मध्ये दोन ख्रिस्ती मुलांना बरोबर घेऊन तो नाशिकला गेला. तिथे पटकीची साथ पेटलेली. जवळ होती ती औषधं त्यानं वाटून टाकली आणि मुंबईची वाट धरली. रात्री वाटेवरच्या एका खेड्यात देवळाच्या ओवरीत पथारी पसरली. तिथेही आजारी माणसं पडलेली होती. उरलंसुरलं औषध त्यांना दिलं. पहाटे निघायची तयारी करताना त्यालाच पटकीनं गाठलं. औषध संपलेलं. आठ तासांत, २० मार्चला, तो गेला. एकेचाळीस वर्षांचा होता. गाव परकं, प्रेत परधर्मीयाचं, सगळीकडे साथीची दहशत. त्या दोन मुलांनी कशीबशी जागा मिळवली आणि पेटीशिवायच त्याला पुरलं. ज्या मराठी नव्या करारासाठी तो राबला, तो त्याच वर्षी छापून पुरा झाला.

वर्गात हे सांगितलं की एक विद्यार्थी हटकून विचारायचा, ‘‘सर, त्यानं औषध वाटलं ते माणसांसाठी की धर्मासाठी?’’ प्रश्न फार चांगला आहे. मिशनच्या प्रत्येक शाळेला, प्रत्येक दवाखान्याला तो विचारला गेलाय आणि विचारायलाच हवा. नाशिकमध्ये त्यानं औषध दिलं तेव्हा बरोबर उपदेशही केला असणार, यात मला शंका नाही. पण त्या रात्री ओवरीत? अंधारात, स्वतः थकलेला, मरायला टेकलेल्या माणसांपुढे? मी विद्यार्थ्यांना एवढंच म्हणायचो, की त्या आजाऱ्यांनी हा प्रश्न विचारला नसावा.

आणखी एक सांगायचं राहिलं. हॉलनं १८१६ मध्ये मुंबईतच लग्न केलं होतं. मुलांच्या प्रकृतीला इथली हवा मानवेना, म्हणून १८२५ मध्ये त्यानं बायकोला आणि दोन मुलांना अमेरिकेला पाठवलं. स्वतः बंदरावर राहिला. त्यातला एक मुलगा प्रवासातच गेला. दुसऱ्याला घेऊन ती उतरली. तेव्हा इकडचं पत्र तिकडे जायला चार-पाच महिने लागत. म्हणजे मार्चमध्ये हॉल गेला तरी ती उन्हाळाभर त्याला पत्रं लिहीत राहिली असणार. मुलगा कसा आहे, काय शिकतोय, आपण परत कधी यायचं. ती पत्रं मुंबईला पोहोचली तेव्हा कोणी उघडली असतील?